तटस्थ भूमीवरचा पिझ्झा

एखाद्याला निरोपाचं जेवण द्यायचं तर त्याला आवडेल ते पोटभर खाऊ घालावं, इतकी ही साधी गोष्ट. पण आंध्र आणि तेलंगण अशी दोन राज्यं होऊन दुसरं वर्ष चालू होतं, आणि त्या वर्षी हैदराबादेत साधी म्हणावी अशी गोष्टच उरली नव्हती. कोटेश्वररावांना जेवायला कुठं न्यायचं, या प्रश्नावर आमच्या बरकतपुऱ्यातल्या घरात इतकी चर्चा झाली की शेवटी मलाच भूक लागेनाशी झाली.

कोटेश्वरराव माझे कचेरीतले शेजारी. मूळचे गुंटूरकडचे. आम्हा दोघांची टेबलं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून होती. माझ्या डब्यातली भाजी आधी ते चाखायचे आणि मग मला सांगायचे, आज खाण्यासारखी आहे की नाही. नोकरांच्या वाटणीत ते आंध्राकडे गेले, विजयवाड्याचा हुकूम निघाला आणि येत्या रविवारी ते जाणार होते. आणि कित्येक महिने ते माझ्याशी बोलत नव्हते. जाण्याआधी त्यांनी माझ्याशी पूर्वीसारखे चार शब्द बोलावेत, एवढीच माझी इच्छा होती. पिझ्झ्याची मला कधीच इच्छा नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

ते का बोलत नव्हते, तर खुर्चीमुळे. निदान सगळ्या कचेरीचं तसं मत होतं, आणि माझंही.

झालं असं, की आमच्या खात्याचं सामान दोन राज्यांत वाटायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, "मुकुंदराव, तुम्ही मराठी. तुम्ही इकडचेही नाही आणि तिकडचेही नाही. तुमच्यावर कुणी शंका घेणार नाही." माझा जन्म इथला, वडिलांची उभी नोकरी इथली, माझं लग्न इथं काचीगुड्याच्या मंगल कार्यालयात लागलं, आणि मी इकडचा नाही. हा माझा गौरव होता की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रमाण ठरलेलं होतं. शेकडा अठ्ठावन्न आंध्राला, बेचाळीस तेलंगणाला. त्या प्रमाणात मी पंखे वाटले, कपाटं वाटली, टाचण्यांचे डबे वाटले. हॉलच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली, तेव्हा लक्षात आलं की एक पंखा आमच्या राज्यात आणि त्याचं बटण त्यांच्या राज्यात गेलं आहे. उकडायला लागलं की आम्ही भिंतीवर टकटक करायचो. शिडी एकच होती. ती कशी वाटावी, असा खुलासा मी वरून मागवला. वरून उत्तर आलं, शिडीची सद्यःस्थिती कळवावी. मी कळवलं, उभी आहे.

आणि मग ती खुर्ची. जुनी, सागवानी, वेताच्या विणीची. तिच्यावर कोटेश्वरराव इतकी वर्षं बसले होते की वेताला त्यांचा आकार आला होता. वाटणीत ती आमच्या बाजूला आली. नियम म्हणजे नियम. मी स्वतः त्यांच्याजवळ गेलो आणि सभ्यपणे विचारलं, "कोटेश्वरराव गारू, ही इकडे राहील. तुम्हाला फोमची फिरती खुर्ची देतो. चालेल ना?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चलता." त्यानंतर सगळं बंद. भाजी बंद, बोलणं बंद. भिंतीपलीकडून त्या फिरत्या खुर्चीची कुरकुर तेवढी ऐकू यायची, आणि ती मला उद्देशून आहे असं मला वाटायचं. खुर्ची परत देता यावी म्हणून मी फाईल चालवली. ती दोन्ही राज्यांतून फिरून परत आली. शेरा होता, 'खुर्चीवरील उशी सरकारी की खाजगी, ते स्पष्ट करावे.' उशी त्यांच्या बायकोनं, पद्मावतीबाईंनी शिवलेली होती.

पद्मावतीबाई आणि माझी बायको कमल यांची दोस्ती मात्र कुठल्याच प्रमाणात वाटली गेली नव्हती. दोघी अजून दर पंधरवड्याला सुलतान बाजारात ब्लाऊजपीस बघायला जात होत्या आणि ब्लाऊजपीस न घेता परत येत होत्या. तिथंच हे निरोपाचं जेवण ठरलं. पद्मावतीबाईंनी एक अट घातली. "घर में नक्को रखना. घर को नहीं आते वो. बाहर कहीं रखो, मैं लेके आती." त्यांच्या स्वतःच्या घरात तर सगळं गोणपाटात बांधलेलं होतं. म्हणजे बाहेर जेवायचं, एवढं नक्की झालं, आणि इथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

शेजारचे नामदेवराव निवृत्त वकील आहेत. फी न घेता सल्ला देण्याची सवय त्यांना निवृत्तीनंतर लागली. त्यांनी पानाचा डबा उघडून खटला ऐकून घेतला. "आंध्रा मेसमध्ये नेलंत तर काय होईल? तो म्हणेल, मी आता जन्मभर हेच खाणार आहे, तुम्ही मला आत्तापासून घालवताय. तेलंगणाचं जेवण घातलंत तर म्हणेल, जिंकलात म्हणून दाखवताय. बाद." मी म्हणालो, उडपी? नामदेवरावांनी डोळे मिटले. "छप्पन साली आपल्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. एक तुकडा कोणी नेला? कानड्यांनी. म्हणजे तिथंही वाटणीचाच विषय. बाद." मराठी जेवणाचं मी नावच काढलं नाही. दुसरा तुकडा आपणच नेला होता.

"तुम्हाला तटस्थ भूमी पाहिजे," नामदेवराव म्हणाले.

तटस्थ भूमी पलीकडच्या इंदुताईंनी सुचवली. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असल्यामुळे परदेशी अन्नाबद्दल बरकतपुऱ्यात त्यांचाच शब्द शेवटचा असतो. ज्युबिली हिल्सला एक नवीन हॉटेल निघालं होतं. तिथं म्हणे इटलीतल्या नेपल्स गावच्या जुन्या पद्धतीनं, लाकडाच्या भट्टीत पिझ्झा करतात. "इटलीनं आपलं काही नेलेलं नाही," इंदुताई म्हणाल्या. मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं नेलं. "आणि मुकुंदराव, तिथं सॉस मागू नका हं. हसतात." हा सल्ला ऐकल्यापासून मला रात्रंदिवस सॉसचीच काळजी लागली. लोक कशाकशाला हसतात याची इंदुताईंकडे बरीच माहिती होती. सुरी कोणत्या हातात, काटा कोणत्या हातात, हे त्यांनी पोळपाटावर चपाती ठेवून कमलला दाखवलं. मी पेपर वाचत असल्यासारखा बसलो आणि सगळं पाहून घेतलं.

टेबल राखून ठेवायला फोन केला, तर एक मुलगी इंग्रजीत बोलू लागली. तिनं विचारलं, काही खास प्रसंग आहे का. मी म्हणालो, निरोप. ती म्हणाली, वाढदिवस असेल तर मेणबत्ती देतो, लग्नाचा वाढदिवस असेल तर फूल देतो, निरोपाला आमच्याकडे काही नाही. मी म्हणालो, आमच्याकडेही नाही. मग ती म्हणाली, कणीक रोज ठराविकच मळतो, संपली की संपली, वेळेवर या. कणीक संपते हे हॉटेलवालेच अभिमानानं सांगतात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे पाहुणे बसलेले असताना कणीक संपली तर घरातल्या बाईला तोंड लपवावं लागतं.

त्यात अप्पा म्हणाले, मी येणार. अप्पा म्हणजे माझे वडील, लक्ष्मणराव. वय शहाऐंशी, जुन्या संस्थानी महसूल खात्यातले, शिक्षण उर्दूत झालेलं. कान शाबूत, गुडघे नाहीत. मी म्हणालो, अप्पा, तुम्हाला ते चावायचं नाही. ते म्हणाले, "कोटेश्वर चाललाय. मी त्याला रुखसत करायला नको?"

टॅक्सी ठरवली. त्या वर्षी मेट्रोसाठी सगळं शहर खणून ठेवलेलं. कालचा रस्ता आज असेलच असं नव्हतं. आम्ही ज्युबिली हिल्सकडे तोंड करून निघालो आणि बऱ्याच वेळानं पुन्हा काचीगुडा स्टेशनासमोर आलो. कोटेश्वरराव स्कूटरवरून येणार होते, आधी पोचले असणार, आम्ही दिसलो नाही तर सरळ परत जातील, आणि कणीक संपली असेल. मी ड्रायव्हरला रस्ता सांगत होतो, कमल मला गप्प बसायला सांगत होती. अप्पा मात्र खिडकीतून ते उकरलेले रस्ते शांतपणे बघत होते. मी त्यांना म्हणालो, "अप्पा, छप्पन साली तुमच्या दफ्तराची पण वाटणी झाली असेल ना? कपाटं कशी वाटली तुम्ही?" अप्पा म्हणाले, "कपाटांचं कोण बघत होतं? माणसंच गेली." आणि परत बाहेर बघू लागले. तेवढ्यात ड्रायव्हरनं उलट्या बाजूनं गाडी घातली आणि विषय तिथंच राहिला.

हॉटेलात पोचलो तर कोटेश्वरराव आणि पद्मावतीबाई खरोखरच आलेले. कोटेश्वररावांनी अप्पांना वाकून नमस्कार केला, कमलची "बागुन्नारा?" म्हणून खुशाली विचारली, आणि माझ्या डोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. मी पण त्या दिव्याकडे पाहिलं. चांगला होता.

टेबल उंच होतं आणि भोवती खांद्याला लागतील अशी उंच स्टुलं. बसायचं म्हणजे चढायचं. अप्पांनी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. या नजरेनं त्यांनी कितीतरी पटवाऱ्यांना घाम फोडलेला होता. शेवटी गल्ल्यावरची खुर्ची आणली. अप्पा तीत बसले तेव्हा टेबल त्यांच्या हनुवटीला आलं. तिच्यावर माझी पाठपिशवी ठेवली, कमलची शाल घडी करून ठेवली, तेव्हा कुठे अप्पा टेबलावर दिसू लागले. खुर्ची आणा, खुर्ची द्या, खुर्ची सरकवा, हा शब्द त्या पाच मिनिटांत इतक्या वेळा उच्चारला गेला की मला स्टुलाखाली जावंसं वाटलं. कोटेश्वरराव दिव्याकडे बघत होते.

मग मालक आला. तिशीतला, दाढी राखलेली, दंडावर इटलीचा नकाशा गोंदलेला. नेपल्सला राहून शिकून आला होता आणि ते आम्हाला कळावं अशी त्याची इच्छा होती. कणीक दोन दिवस मुरवतो. टोमॅटो तिकडून येतात. एका माणसाला एक अख्खा पिझ्झा, मधे वाटावाटी नाही. कापून देणार नाही, काटासुरीनं ज्याचा त्यानं कापायचा. सॉस नाही. कमल माझ्याकडे पाहून हळूच हसली. लाल मिरची नाही. हे ऐकून पद्मावतीबाई दचकल्या. गुंटूरचा माणूस मिरचीवाचून जेवणार, म्हणजे त्याची तब्येत तरी बिघडलेली असली पाहिजे. त्यांनी कमलकडे पाहिलं, कमलनं आपल्या पर्सवर हात ठेवला आणि मान हलवली. दोघींच्याही पर्समध्ये डब्या होत्या, एकीत शेंगदाण्याची चटणी, दुसरीत गोंगुरा, म्हणजे अंबाडीचं लोणचं. ठरवून आणल्या नव्हत्या. भट्टी नवी होती, अजून हाताला बसली नव्हती, म्हणून एका वेळी एकच पिझ्झा निघेल, असंही मालक म्हणाला. त्याकडे मी लक्ष दिलं नाही, आणि तिथंच चुकलो.

पहिला पिझ्झा अप्पांच्या पुढ्यात आला. कडा फुगलेल्या, त्यावर काळे डाग, मधे ओलसर लाल तळं, त्यात पांढरे चीजचे गोळे आणि तुळशीची असावीत तशी दोन पानं. कमल माझ्या कानात म्हणाली, "करपलाय हो." मी तिला डोळ्यांनी दटावलं. अप्पांनी ताटलीकडे पाहिलं, हात जोडले, आणि बसून राहिले.

"सर, प्लीज स्टार्ट," मालक म्हणाला.

"पंगत पुरी होऊ द्या," अप्पा म्हणाले.

आता यात समजावण्यासारखं काय आहे? आमच्याकडे शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिला माणूस अन्नाला हात लावत नाही. एरवी आम्ही कसेही खातो, उभ्यानं खातो, टीव्हीपुढे खातो. पण पाहुणे आहेत आणि अप्पा आहेत म्हटल्यावर पंगत म्हणजे पंगत. कोटेश्वररावांकडेही असंच. त्यांनीही हात मांडीवर घेतले. दुसरा पिझ्झा पद्मावतीबाईंना आला, तिसरा कमलला. तिघांच्या पुढ्यात तीन पिझ्झे, आणि तिघंही हात जोडून. मालक भट्टीजवळून मान वाकडी करून बघत होता. त्याचं लक्ष इकडे असल्यामुळेच की काय, चौथा पिझ्झा फावड्यावरून घसरला आणि निखाऱ्यात पडला. धूर झाला. नवा थापायला घेतला. आम्ही बसलेलो. कुणीतरी बोलावं म्हणून मी अप्पांना म्हणालो, उकडतंय नाही? अप्पा म्हणाले, नाही.

पहिल्या पिझ्झ्याचं तळं आटलं, चीज आवळलं, कडा बसल्या. मालक हातातलं सोडून आमच्याकडे आला आणि इतका वेळ त्यानं सांभाळलेलं इंग्रजी गळून पडलं. "अंकल, कायकू देख रैं उसको? खाओ ना. मर रहा वो."

"कोण मरतंय?" अप्पांनी विचारलं.

"पिझ्झा. दो मिनट की जान रहती इसकी. ये अब नहीं खा सकते आप. मैं खाने नहीं देता." असं म्हणून त्यानं अप्पांच्या पुढ्यातली ताटली उचलली.

मी या जन्मात पुष्कळ अपमान पाहिले आहेत आणि बहुतेक माझेच पाहिले आहेत. पण जेवायला बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पुढ्यातलं वाढलेलं पान उचललेलं मी पाहिलं नव्हतं. अप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले. कमलच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. मी काहीतरी बोलणार होतो. काय बोलावं, मराठीत बोलावं की इंग्रजीत, याचा विचार करत होतो. तेवढ्यात कोटेश्वरराव स्टुलावरून उडी मारून खाली उतरले आणि त्यांनी ताटलीची दुसरी कड धरली.

"रख," ते म्हणाले. "नीचे रख. बैठे हुए आदमी का खाना उठाते? कौन सिखाया रे तेरे को? इटली में सिखाए?"

"सर, ये ठंडा हो गया—"

"ठंडा हमारा, गरम हमारा. बुजुर्ग बैठे हैं हमारे." आणि मग, कित्येक महिन्यांनी, माझं नाव घेऊन, "मुकुंदराव, देखते क्या बैठे? पकडो उधर से."

मी पकडली. तीन माणसं एका ताटलीला. मी आनंदानं जरा जास्तच जोर लावला. मालकानं चिडून सोडली, आणि नेपल्सहून आलेले ते टोमॅटो, सगळ्या चीजसकट, माझ्या शर्टावर आले. शर्ट पांढरा होता. कमलनं आग्रहानं घालायला लावला होता. मी हातांनी चीज अडवत उभा होतो, हॉटेल आमच्याकडे बघत होतं, आणि मला काहीच वाटत नव्हतं. ते मला हाक मारून बोलले होते. मी अगदी खूश होतो.

आम्ही दोघांनी मिळून मालकाला घेरलं. हे आम्हाला चांगलं येतं. ट्रेझरीत बिलं अडकली की आम्ही असेच जायचो, ते आवाज चढवायचे आणि मी नियम सांगायचो. "एक साथ खाते हम लोग," कोटेश्वरराव म्हणत होते. "भट्टीत एकच बसतो हे आधी लिहून लावायला हवं होतं," मी म्हणत होतो. मालकाचा चेहरा पडला. तोही वाईट नव्हता. त्याचं एवढंच म्हणणं होतं की त्यानं जीव लावून केलेलं कुणीतरी गरम असताना खावं. हे ऐकून पद्मावतीबाईंनी त्याला पाणी दिलं.

तोड कोटेश्वररावांनीच काढली. एक एक येऊ दे. जो येईल तो लगेच पाच जणांत वाटायचा. सगळ्यांच्या पानात एकदमच पडेल, पंगतही राहील आणि गरमही राहील. मालकानं वाटावाटीला आक्षेप घेतला, पण लंगडाच. अप्पा म्हणाले, माकूल आहे, वाजवी आहे. पहिला ताजा पिझ्झा आला, वाफ निघत असलेला, आणि टेबलाच्या मधोमध ठेवला गेला.

सुरी माझ्याकडे होती. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सुरी कडेला टेकवली, आणि मला पुढे जाववेना. मऊ होता तो, इकडून कापला की तिकडे वाहत होता. पाच सारखे भाग कसे करायचे, हा प्रश्न होताच.

"काटो, काटो," कोटेश्वरराव म्हणाले. "आपको तो आदत है."

कुणी हसलं नाही. मी सुरी खाली ठेवली. मला राहवेना. "कोटेश्वरराव," मी म्हणालो, "त्या खुर्चीसाठी मी फाईल चालवली होती. दोनदा. उशीचा खुलासा पण दिला. माझ्या हातात असतं तर—"

"कुर्सी?" ते म्हणाले. "कुर्सी का क्या करना मेरे को? मैं कुर्सी के वास्ते बात बंद करूंगा?" त्यांनी पद्मावतीबाईंकडे पाहिलं, त्या खाली बघत होत्या. मग ते माझ्याकडे वळले, आणि आवाज आता चढलेला नव्हता. "आप मेरे पास आके पूछे, कौन सी कुर्सी होना. कौन सा पंखा होना. कौन सी अलमारी. रोज आके पूछे. इतने साल बाजू में बैठा मैं. एक दिन भी बोले क्या, कोटेश्वरराव, मत जाओ?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. नोकरांची वाटणी वरून झाली होती, माझ्या हातात काय होतं? मी म्हणालो तर ते राहणार थोडेच होते? हुकूम म्हणजे हुकूम. मी तसं म्हणायला तोंडही उघडलं. "बोलून काय झालं असतं? ते काही आपल्या—"

"बोलना तो आपके हाथ में था ना," ते म्हणाले.

मला एकदम लाज वाटली. सगळ्या कचेरीत टाचणीसुद्धा मी विचारून वाटली होती, आणि हा माणूस कुणी काही न विचारता माझ्या शेजारून जात होता. मला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, रोज घरी येऊन मी कमलपाशी तेच बोलत होतो. पण ते त्यांना सांगायचं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शर्टावर टोमॅटो, हातावर चीज, आणि मी त्या उंच स्टुलावर बसून, सगळ्या हॉटेलादेखत, मराठीतच म्हणालो, "जाऊ नका हो, कोटेश्वरराव."

पद्मावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. कमल दिव्याकडे बघू लागली. कोटेश्वररावांनी मान खाली घालून चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि तो वाहता पिझ्झा हातानं फाडायला घेतला. वेडेवाकडे तुकडे केले, कुणाला मोठा, कुणाला लहान. पहिला अप्पांना, मग बायकांना, मग मला. कमलनं चटणीची डबी काढली, पद्मावतीबाईंनी गोंगुऱ्याची. मालक लांबून बघत होता. त्याला जे काही वाटलं असेल ते त्यानं गिळलं. अप्पा म्हणाले, "करा सुरुवात," आणि आम्ही सुरुवात केली.

पिझ्झा कसा होता, असं इंदुताईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं. मला आठवेना. चटणी चांगली होती.

रविवारी काचीगुडा स्टेशनवर सगळे गेलो. अप्पाही. सामान चढलं, पद्मावतीबाई आणि कमल एकमेकींना धरून रडून झाल्या, कोटेश्वरराव खिडकीत बसले. पुष्कळ सूचना द्यायच्या राहिल्या होत्या. पाणी घेतलंत का, पोचलात की फोन करा, तिकडची हवा दमट असते. मी त्यातलं काही बोललो नाही. खिडकीच्या गजाला धरून मी पुन्हा म्हणालो, "कोटेश्वरराव, जाऊ नका."

"ठीक है," ते म्हणाले, "नहीं जाता." आणि गाडी सुटली.